बरणीवरची बशी

११ जानेवारी, रविवार

ताई,

दोन वर्षं आणि चार महिने मी तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. हे वाक्य आज सकाळपासून चार वेळा लिहून खोडलं. एकदा त्याच्यापुढे कामाचा व्याप आला होता, एकदा तू फोन उचलत नाहीस हे आलं होतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचा इथे काही उपयोग नाही. तेव्हा नुसतंच, माफ कर.

तुझी लेक परवा माझ्याकडे येऊन गेली. तिने तुला सांगितलं नसेल तर तिच्यावर चिडू नकोस. तिच्या ऑफिसचं कसलंसं तीन दिवसांचं प्रशिक्षण या शहरात होतं, ते आटोपून संध्याकाळी आली. दार उघडलं तर पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी. क्षणभर तूच आलीस असं वाटलं. मी "छोटे, ये" म्हटलं, तर म्हणाली, मावशी, मी तेवीस वर्षांची आहे, हे छोटी प्रकरण आता मिटव. मिटवते म्हणून कबूल केलं आणि जेवताना दोनदा छोटीच म्हटलं.

तुझ्याबद्दल मी काही विचारलं नाही, आपणहून तीच सांगत होती. संधिवात वाढलाय, सकाळी अकरापर्यंत तुझी बोटं वळत नाहीत, शिवणाच्या मशीनवर तू खोळ घालून ठेवली आहेस ती दिवाळखोर दुकानासारखी दिसते म्हणाली. मग तिने आपणच विषय हलका केला. आमच्या स्वयंपाकघरात सगळ्या बरण्यांनी टोप्या घातल्यात म्हणे, एकेकीच्या डोक्यावर एकेक बशी. कुणी चहाला आलं की आधी बरण्यांकडून बश्या मागून घ्याव्या लागतात. मी हसले. तुझ्या घरातली एखादी गंमत कानावर पडून किती दिवस झाले होते.

जाताना म्हणाली, मी आले होते हे आईला सांगू नकोस. मी म्हटलं, सांगायला आम्ही बोलतो कुठे?

मी अजून तिथेच आहे, बरण्या-डब्यांच्या त्याच कारखान्यात, आराखडे विभागात. तू माझ्या कामाला "साधी वस्तू अवघड करायचं खातं" म्हणायचीस. आम्ही रोजच्या वापरातल्या वस्तू हाताला सोप्या व्हाव्यात म्हणून पुन्हा नव्याने घडवतो. गेल्या वर्षी माझं एक झाकण बाजारात आलं, तीन मोठ्या पाकळ्यांचं, पाव वळशात उघडणारं. बोटांनी पकडावं लागत नाही, मनगटाजवळच्या तळहाताने ढकललं तरी फिरतं. ते चाललं. आता तेच मोठ्या बरणीसाठी करायचं आहे आणि मार्चमध्ये त्याचा साचा कापला जाईल.

ते झाकण तुझ्यामुळे झालं. हे मला तुला सांगायचं होतं आणि सांगायची हिंमत नव्हती, कारण ते सांगायचं तर ती दुपार सांगावी लागते. तुझ्या स्वयंपाकघरात तू साखरेच्या बरणीशी झगडत होतीस आणि मी दारात उभी होते. मी मदतीला पुढे आले नाही, कारण मदत केलेली तुला आवडणार नाही असं मला वाटलं. तू आपल्या घरची पक्कड. बाबांनीच ते नाव ठेवलं होतं. कुठलंही घट्ट झाकण, नळ, खिळा, सगळे तुझ्याकडे घेऊन यायचे, बाबासुद्धा. अशा माणसाच्या हातातून बरणी काढून घ्यायची कशी?

तब्येतीला जप.

तुझी धाकटी


२५ जानेवारी, रविवार

ताई,

तुझं उत्तर आलेलं नाही, येईल असं मी धरूनही चाललेले नाही. पण मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे आणि ते तुझ्याकडे तसंच पडून राहावं हे मला सहन होत नाही.

मदत केलेली तुला आवडणार नाही म्हणून मी थांबले, असं मी लिहिलं. मी त्यासाठी थांबले नव्हते. आमच्या कामात एक नियम आहे. माणूस वस्तू वापरत असताना बघणाऱ्याने मदत करायची नाही. बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही, तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, कारण मदत केली की वस्तू कुठे चुकली ते कळत नाही. नव्याने आलेल्यांना हा नियम मीच शिकवते. तू बरणी हातात घेतलीस, पहिल्या झटक्याला झाकण हललं नाही, आणि माझ्यातली बहीण बाजूला झाली. ती कधी झाली हे मला कळलंही नाही. मी खिशातून सेकंदाचं घड्याळ काढलं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण माझ्या वहीत ते आजवर नीट उतरलेलं नाही. तू झाकण पदरात धरून पाहिलंस, बरणी पोटाशी आवळून पाहिलीस, कडेवर चमच्याने ठोकलंस. मग ते उघडलं आणि मी घड्याळाचं बटण दाबलं. त्याचा टक् असा आवाज होतो. तू वळून माझ्या हाताकडे पाहिलंस.

"किती झाले?" तू विचारलंस.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद."

मी हे उत्तर दिलं, ताई. या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त छळलं असेल तर त्याने. घड्याळ काढलं ते चुकलंच, पण तू विचारल्यावर मी आकडा सांगितला, तोही सेकंदांसकट, जणू तुला तोच हवा होता. तू "बरं" म्हणालीस, चहा गाळून माझ्यापुढे ठेवलास आणि गार होईल, पी, म्हणालीस. त्यानंतर आपण बोललो नाही.

या पत्राबरोबर एक खोकं पाठवते आहे. त्यात नवी मोठी बरणी आहे, तिच्यावर पाकळ्यांचं झाकण आहे, अजून साच्यात न गेलेलं, हाताने घडवलेलं. पाठवू की नको यात दोन दिवस गेले. पाठवलं तर मी तुला परत कामाला लावते आहे, न पाठवलं तर जी वस्तू तुझ्या हातांवरून झाली ती तुझ्याच घरात नाही. शेवटी पाठवते. मला काही कळवायला नको, आकडा तर नकोच. तिच्यात साखर ठेव, किंवा बटणं.

काल कपाट आवरताना आईच्या आजारपणातला तो गाऊन सापडला, तू शिवलेला. तू तेव्हा सव्वीस वर्षांची होतीस, मी सतरा. आईचा उजवा हात गेला होता आणि तिला बटणं लावता येत नव्हती. तू बटणं काढून एका हाताने अडकतील असे फासे लावलेस, खिसा डावीकडे आणलास, आणि प्रत्येक वेळी तिला विचारायचीस, "आई, घालताना जड जातं की काढताना?" आई म्हणायची, दोन्ही वेळा तूच जड जातेस, जरा बसू दे. पण तू दहा-दहा वेळा घालायला-काढायला लावायचीस, एकदा तर डोळे मिटून डाव्या हाताने स्वतः घालून पाहिलास. मी कॉलेजात जाऊन चार वर्षं शिकले ते हेच, आणि तुझ्याइतकं नीट शिकले असं वाटत नाही.

अजून एक. तू शिवणाच्या खडूने स्वयंपाकघराच्या दारामागे उद्याचं काम लिहायचीस. एकच. मी म्हणायचे, एवढी कामं असतात, एकच का? तू म्हणायचीस, यादी केली की माणूस यादीच बघत बसतं. मी अजून रोजच्या वहीत शेवटी उद्याचं एकच काम लिहिते. गेले काही महिने त्या जागी "ताईला पत्र" असं येत होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तुझी धाकटी


१५ फेब्रुवारी, रविवार

ताई,

छोटीचा निरोप आला. खोकं पोचलं, तू बरणी काढून फळीवर ठेवलीस, काही बोलली नाहीस. एवढंच. आईच्या तोंडावरून काही कळलं नाही, असं तिने मी न विचारता कळवलं. म्हणजे मी विचारणार हे तिला ठाऊक होतं.

हे पत्र लिहू नये असं माझ्या आतलं शहाणं माणूस सांगतं आहे. तू बरणी परत पाठवली नाहीस, फेकली नाहीस, तिला फळीवर जागा दिलीस. हे इथेच सोडलं तर कदाचित वर्षभरात आपण फोनवर बोलू लागू, आणि हे पत्र वाचून कदाचित कधीच बोलणार नाही. पण तुझ्या फळीवर ती बरणी आहे तोवर ती कशातून झाली ते तुला ठाऊक असायला हवं.

त्या दुपारी घड्याळच नव्हतं फक्त. तू ओट्याकडे जाण्याआधी मी माझा फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवला होता. त्यात सगळं टिपलं गेलं. चेहरा नाही, हात आणि कंबरेपर्यंत तू.

महिनाभराने कारखान्यात बैठक होती. आम्ही अकरा जण होतो. मी ते भिंतीवर दाखवलं. तुझे हात भिंतीवर दोन-दोन फुटांचे झाले होते, ताई, अंगठ्याजवळचा सुईचा जुना व्रणसुद्धा दिसत होता. साहेबांनी विचारलं, या बाई कोण? मी म्हटलं, वापरकर्ती क्रमांक चार, वय पन्नास, शिवणकाम. कुणीतरी "बिचारी" म्हणालं. कोण ते मला माहीत आहे, चांगला माणूस आहे, मनापासून म्हणाला. मी पुढचं चित्र दाखवलं.

बहीण आहे हे का सांगितलं नाही, याची दोन कारणं माझ्याकडे आहेत. एक मी स्वतःला बरेच दिवस दिलं: नात्यातलं माणूस चाचणीत धरत नाहीत, आमच्याकडे तसा दंडक आहे, सांगितलं असतं तर तुझी नोंद बाद झाली असती आणि कदाचित ते झाकणच झालं नसतं. हे कारण खोटं नाही. पण दुसरं जास्त खरं आहे. ही माझी बहीण असं मी म्हटलं असतं, तर त्या अकरांतल्या एकाने तरी विचारलं असतं, मग तुम्ही तिथे काय करत होता?

तू माझी वेणी घालायचीस ती आठवते. इतकी घट्ट की भुवया वर जायच्या. शाळेत मुली म्हणायच्या, तू सारखी आश्चर्यात का असतेस? मी तुझ्याकडे कुरकुर करायचे, आणि ज्या दिवशी तुला ताप होता त्या दिवशी बाबांनी घातलेली वेणी पहिल्या तासाला सुटली. तेव्हा मी बाकावर बसून रडले होते, सुटली म्हणून नाही, सुटल्याचं डोक्याला कळलंसुद्धा नाही म्हणून. ती ओढ अजून आठवते मला, कानांच्या वर, दोन्ही बाजूंना. भिंतीवर मोठे झाले होते ते तेच हात. आणि मी त्यांना नंबर दिला.

आता तुला सगळं माहीत आहे. मी काही राखून ठेवलेलं नाही, निदान मला कळतं तेवढ्यात तरी.

तुझी धाकटी


१ मार्च, रविवार

ताई,

खोकं परत आलं तेव्हा मी ते दोन तास उघडलं नाही. माझंच खोकं, माझ्या अक्षरातला तुझा पत्ता खोडून त्याखाली माझा. मला वाटलं, संपलं.

आत बरणी होती, शिवणाच्या मशीनच्या खोळीत गुंडाळलेली. खोळ ओळखली, निळी, कडेला पांढरी शिवण. बरणीत चिठ्ठी होती. तुझंच अक्षर, पेन्सिलीचं, पूर्वीपेक्षा मोठं, एकेक अक्षर वेगळं उभं.

"उघडतं छान. बंद होत नाही. मी वर बशी ठेवते."

पुढे नाव नाही, काही नाही. व्हिडिओबद्दल एक शब्द नाही. मी चिठ्ठी उलटी करून पाहिली, पाठ कोरी होती.

पहिल्यांदा मला वाटलं, आटे बिघडले असतील. बरणी टेबलावर ठेवली, झाकण फिरवलं, टकन बसलं. पुन्हा केलं, पुन्हा बसलं. आणि मग छोटीच्या टोप्या आठवल्या. सगळ्या बरण्यांच्या डोक्यावर बश्या. ती सांगत होती आणि मी हसत होते.

सोमवारी कारखान्यात जाऊन मी जुन्या चाचण्या काढल्या. चौतीस माणसं, चौतीस चित्रफिती. सगळ्या झाकण उघडल्यावर संपतात. आमच्या नोंदवहीत "उघडण्यास लागलेला वेळ" असा रकाना आहे, बंद करण्याचा रकानाच नाही. म्हातारे, लहान हातांचे, एका हाताचे, सगळ्यांना आम्ही उघडायला लावलं, टक् केलं, आभार मानले आणि झाकण आम्हीच लावून बरणी पुढच्या माणसासमोर ठेवली. कुणी तक्रार केली नाही. का करतील? बंद होत नाही तो आपल्याच हाताचा दोष, असं समजून लोक बशी ठेवतात आणि गप्प राहतात.

मग तुझी चित्रफीत लावली. सगळ्यांसमोर दाखवण्याआधी मी ती दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर कापली होती. मूळ पूर्ण होती, कारण त्या दुपारी तू विचारल्यावर मी इतकी गोंधळले की फोन पिंपापाशीच चालू राहिला. तो पुढचा भाग मी आजवर पाहिला नव्हता. कामाचा नव्हता ना.

त्यात तू साखर घेतेस. मग झाकण उचलून तोंडावर ठेवतेस. ते तिरकं बसतं. उघडताना हाताचा भार कामी येतो, पण लावताना झाकण सरळ धरावं लागतं, आणि सरळ धरायला बोटंच लागतात. तू तीन वेळा प्रयत्न केलास. तिसऱ्या वेळी तुझे हात थांबले आणि तू दाराकडे वळलीस. फार वेळ नाही, श्वास घेण्याइतका. दाराशी मी आहे, चित्रात माझा खांदा आणि वही दिसते. मी खाली मान घालून लिहिते आहे. आकडा लिहीत होते. मग तू बशी उचललीस, बरणीवर ठेवलीस, आणि चहा गाळायला वळलीस.

मला इतके दिवस वाटत होतं की तुला मी बघत होते याचा राग आला. खरं तर तू मला बोलावत होतीस आणि त्या वेळी मी बघत नव्हते.

घालताना जड जातं की काढताना. दोन्ही विचारायचं असतं, हे मला सतराव्या वर्षी ठाऊक होतं.

खोळ का पाठवलीस ते कळलं नाही. मशीनला आता तिची गरज उरली नाही म्हणून, की मशीन पुन्हा उघडं आहे म्हणून? हे विचारायचा हक्क मला आहे की नाही ते ठरवता येईना, म्हणून विचारते आहे.

तुझी धाकटी


८ मार्च, रविवार

ताई,

साचा येत्या गुरुवारी कापायचा ठरला होता. साचा म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यात झाकणाचा आकार कोरतात, मग त्यातून लाखो झाकणं निघतात. एकदा कोरला की बदल होत नाही. आमचे साचेवाले मिस्त्री साठीचे आहेत, माझ्या प्रत्येक आराखड्याकडे असे बघतात, जणू पोरीने जन्मात पोलादाला हात लावला नसावा. मी त्यांना बुधवारी सांगितलं, अजून कापू नका, झाकण बंद होत नाही. त्यांनी स्वतःच्या तगड्या हातांनी ते लावून दाखवलं आणि म्हणाले, बाई, हे बघा, होतंय की. मी त्यांना हाताच्या चार बोटांना पट्टी गुंडाळून परत लावायला सांगितलं. झाकण तिरकं बसलं. त्यांनी पाच-सहा वेळा प्रयत्न केला, मग पट्टीचा हात आणि झाकण दोन्ही टेबलावर ठेवून म्हणाले, माझी म्हातारी रोज माझ्याकडून डबे लावून घेते, मला वाटायचं लाडात येते.

साहेबांकडे त्याच खोलीत गेले, तीच भिंत. त्यांचं म्हणणं असं की दुकानात लोक झाकण उघडून बघतात, लावून कुणी बघत नाही, लावतो तो दुकानदार. ते चुकीचं बोलत नव्हते. मी म्हटलं, दुकानात बरणी दोन मिनिटं असते, घरात दहा वर्षं. त्यांनी विचारलं, ही एवढी खात्री कशावरून, किती वापरकर्त्यांनी सांगितलं?

"एकीने," मी म्हटलं. "क्रमांक चार. ती माझी सख्खी बहीण आहे. तेव्हा मी ते लपवलं."

त्या दिवशी बिचारी म्हणालेला माणूसही खोलीत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मला वाटलं होतं तो प्रश्न, तुम्ही तिथे काय करत होता, आता तरी कुणी विचारेल, पण कुणी विचारला नाही. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, नातं लपवलं ही गोष्ट लेखी द्यावी लागेल, ती तुमच्या नावापुढे राहील. मी ते दिलं. मन हलकं झालं असं म्हणायचा मोह होतो आहे, पण तसं काही झालं नाही, नुसता घाम आला. साच्याला त्यांनी सोमवारपर्यंत, सोळा तारखेपर्यंत मुदत दिली. तोवर उपाय सापडला तर ठीक, नाहीतर आहे तेच कापायचं.

मिस्त्रींनी दोन दिवसांत तीन झाकणं घडवून दिली. एकाला आतून उतार आहे, ते कसंही ठेवलं तरी घसरत जागेवर येतं. दुसऱ्याला आटेच नाहीत, वरून कोपराने दाबलं की बसतं. तिसरं मला कळलेलंच नाही, ते त्यांनी स्वतःच्या डोक्याने केलं आहे. देताना म्हणाले, पट्टी बांधून मी जास्तीत जास्त दहा मिनिटं म्हातारा होतो, जिचे हात आहेत तिला विचारा.

म्हणून विचारते. मी येऊ का? झाकणं घेऊन येईन हे आधीच सांगते, नाहीतर ती आणखी एक लपवालपवी होईल. पण झाकणं नसती तरी मला यायचं होतं. दोन वर्षं मला तुझ्या घराच्या वासाची, त्या खडखडणाऱ्या मशीनची, तू "हं" म्हणून ऐकत असतेस त्याची इतकी आठवण येते की कधीकधी कारखान्यात कुणी शिवणाचं मशीन चालवलं, पॅकिंगच्या पोत्यांचं, तरी मी उगाच त्या बाजूने फेरी मारते. तू नको म्हणालीस तर झाकणं टपालाने पाठवीन. तीही नको असतील तर साचा आहे तसा जाईल आणि मी पुन्हा विचारणार नाही.

फोनमधली ती चित्रफीत मी पुसलेली नाही. पुसली तर माझी सुटका होते. ती तुझी आहे, तू सांगशील ते करीन.

तुझी धाकटी


१३ मार्च, शुक्रवार

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही, सोबत आणते आहे. एवढी पत्रं पाठवल्यावर शेवटचं हातात द्यावं असं वाटलं, शिवाय टपाल माझ्या आधी पोचणार नाही.

दुपारी छोटीचा फोन आला तेव्हा मी साचेखान्यात होते, मिस्त्री बाजूला उभे. ती म्हणाली, आई बाजूलाच आहे पण फोन हातात घेत नाही, मी सांगते तेवढंच सांग म्हणते. मग तिने वाचून दाखवल्यासारखं एकेक सांगितलं. शनिवारी ये. खोळ परत आण, मशीनवर धूळ बसते, रोज दुपारी तासभर चालवायचं असतं. मी मध्येच म्हटलं, चालवते? छोटी म्हणाली, पायाने चालतं ना ते, हातांनी नुसतं कापड सरकवायचं, उशांचे अभ्रे शिवते. मागून तुझा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण आवाज तुझाच होता. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि उगाचच एक कानस शोधायला पलीकडे गेले.

मग छोटी म्हणाली, घड्याळही आण म्हणते.

तेवढ्यात खडखड झाली आणि फोनवर तू आलीस.

"या वेळी मोजणार मी," तू म्हणालीस. "तुझ्या बोटांना पट्ट्या बांधते आणि बघते किती वेळ लागतो. आणि आलीस की बसायचं. दारात उभं राहायचं नाही."

मी हो म्हणेपर्यंत तू फोन छोटीकडे दिला होतास. माझं हो तिनेच ऐकलं. सांगते आईला, म्हणाली, आणि मी तिला थँक्यू छोटे म्हटलं, आणि या वेळी तिने काही म्हटलं नाही.

पिशवी भरून झाली. तीन झाकणं, बरणी, घड्याळ, पट्टीची गुंडाळी. खोळ धुऊन इस्त्री केली आहे, कडेची पांढरी शिवण एका जागी उसवली होती, ती तशीच ठेवली, माझ्या टाक्यांना तू हसशील. साचा सोमवारी कसा कापला जाईल ते मला आज माहीत नाही. वहीत रोजच्यासारखी शेवटची ओळ लिहायची राहिली आहे, ती इथेच लिहिते.

उद्या : ताईच्या स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर स्टूल ओढून बसणे.